चादरीखालचं यंत्र

नळाच्या तोटीत बसणाऱ्या रबरी चकत्यांचा दादांचा छोटासा कारखाना होता. आणि दादा असे संशयी, की परका माणूस दारात दिसला रे दिसला की यंत्रावर चादर! चकत्यांना तडे जायला लागले, तेव्हा धाकटा भाऊ कॉलेजातल्या एका मास्तरांना घेऊन आला. दादांनी मास्तरांना चादर दाखवली, चहा पाजला आणि वाटेला लावलं.

"घरातलं गुपित परक्याला दाखवतोस काय रे?" म्हणून भावालाही फैलावर घेतलं. भाऊ रुसून बायकोला घेऊन परगावी नोकरीला गेला आणि तिथेच तापाने वारला.

गिऱ्हाईकं तुटली, तेव्हा कुठे दादा त्याच मास्तरांकडे गेले. मास्तरांनी येऊन यंत्र पाहिलं आणि म्हणाले, "साचा फार तापतोय. आच कमी करा, वेळ वाढवा." संध्याकाळी चकती दुमडून पाहिली, तर तडा नाही!

दादा ती चकती घेऊन तडक भावजयीच्या घरी गेले. "धाकट्याचं बरोबर होतं गं," एवढंच कसंबसं म्हणाले.

"एवढं ऐकायला ते फोन उशाशी घेऊन झोपायचे, दादा," ती म्हणाली. दादा दारातच खाली बसले. आत जायचा धीर होईना.