पाळण्यातलं आडनाव

अट्रॅक्टा टपाल कचेरीत बसायची, आणि गावातलं एकही गुपित तिच्या हातून शिक्क्याशिवाय सुटायचं नाही. स्वतःचं दुःख मात्र तिने कधी पाकिटाबाहेर काढलं नाही. मेयो परगण्याच्या त्या किनाऱ्यावर तिच्या माहेरच्यांचं, टोलन घराण्याचं, नाव निघालं की माणसं आवाज खाली आणायची. बाप आणि दोन्ही भाऊ एकाच सकाळी एकाच बोटीतून गेले. धाकट्याचं तर प्रेतही मिळालं नाही. उरली ही एकटी, आणि तीही लग्न करून गिल्टी आडनावाची झालेली. गावात गिल्टी इतके, की दगड भिरकावला तर गिल्टीलाच लागावा, आणि तो उचलून परत मारणाराही गिल्टीच.

म्हणून मुलगा झाला तेव्हा तिने त्याचं नाव ठेवलं टोलन. टोलन गिल्टी.

गाव पोटभर हसलं. दोन आडनावांच्या या पोराला स्वतःचं नाव कधी मिळणार, असं जो तो विचारू लागला. पाद्रीबाबांनी नाक मुरडून बाप्तिस्म्याच्या वहीत मार्टिन हे संताचं नाव घुसडलं. ते वहीतच राहिलं. एक सासू ब्रिजी तेवढी हसली नाही.

"आडनाव थडग्यावर शोभतं पोरी, पाळण्यात नाही."

"माझ्या बापाचं नाव बुडू द्यायचं नाही मला, आई."

"बुडालंय ते. समुद्राला पाठ आहे. पुन्हा त्याच्या कानावर घालू नकोस."

पाच वर्षं काही झालं नाही. मग जुलैत थडग्यांना आशीर्वाद द्यायचा रविवार आला. सगळं गाव बादल्या आणि ब्रश घेऊन आपापले दगड घासायला दफनभूमीत जमलं. टोलन शाळेत नुकता अक्षरं लावायला शिकला होता. आईने माहेरच्या दगडावरचं शेवाळ खरवडलं तशी मोठी अक्षरं उघडी पडली. पोराने एकेकावर बोट ठेवत वाचलं: टोलन.

"आई, हा माझा दगड ना?" मग खालच्या कोऱ्या जागेवर तळवा ठेवून म्हणाला, "इथे जागा आहे अजून."

शेजारी चहा ओतणाऱ्या बाईची किटली तशीच वाकडी राहिली.

दुपारी माणसं खालच्या किनाऱ्यावर बसली होती. पोरगं भरतीच्या पाण्याकडे चालत निघालं. अट्रॅक्टाने हाक मारायला तोंड उघडलं, समोरचं पाणी पाहिलं, आणि शब्द गिळला. शेवटी ओरडली ती "मार्टिन!" अशी. कठड्यावरच्या तीन म्हाताऱ्या मार्टिन गिल्टींनी "ओ" दिली. पोराने मान वळवली नाही. ते नाव त्याचं आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ती रविवारच्या ठेवणीतल्या बुटांनिशी पाण्यात शिरली आणि त्याला उचलून आणलं. त्या दिवशी कुणी थट्टा केली नाही.

तेव्हापासून ती किनाऱ्यावर त्याला हाक मारत नाही, चालत जाऊन आणते. पोराला हा खेळ वाटतो. रोज तो आदल्या दिवसापेक्षा एक पाऊल पुढे जाऊन उभा राहतो, आई कुठवर येते ते बघायला.