सुपातून उडालेली देवी

आईने ऑपरेशनला ‘हो’ म्हणावं म्हणून देवीच्या नावाने पत्ते लावायचे, हे मी ठरवलं तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकीकत ऐकून लोक भलताच अर्थ काढतात.

आईच्या हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या होत्या. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं, पेनाचं टोक ठेवून जागा दाखवल्या आणि म्हणाले, “बायपास. उशीर करू नका.” आईने पदराने चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, “देवीला इचारून सांगते.”

आमची देवी मंठ्याकडच्या आमच्या गावात, शिवाराच्या कडेला. देवी म्हणजे तांदळा. शेंदराचे थरावर थर चढलेला एक गोल दगड, त्याला नाक नाही, तोंड नाही, फक्त चांदीचे दोन डोळे बसवलेले. लहानपणी मला वाटायचं, हिला तोंडच नाही म्हणून ही फुलांनी बोलते. गुरव तिच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर जा, डावी पडली तर जाऊ नका.

त्या दिवशी दोन्ही पाकळ्या चिकटून राहिल्या. आम्ही बसलो, चहा झाला, परत बसलो. ऊन चढलं, पाकळ्या तिथल्या तिथे वाळून गेल्या. गुरव कान खाजवत म्हणाला, “आज बोलून न्हाई राह्यली बाई.”

“मंग मी बी जात न्हाई,” आई म्हणाली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

जालन्याला घरी परत आलो आणि माझी भीती सुरू झाली. आई जिन्यात मध्येच थांबली की माझेही पाय थांबायचे. सकाळी तिच्या खोलीतून खोकल्याचा आवाज यायला उशीर झाला की मी दाराबाहेर उभा. आत जायची हिंमत नाही, परत फिरायचीही नाही. बायको म्हणायची, “अहो, आत जाऊन बघा की.” मी म्हणायचो, “झोपू दे तिला.” खरं तर माझा हातच कडीकडे जात नसे.

अशात माझी मेहुणी पुण्याहून आईला भेटायला आली आणि जाताना एक चकचकीत डबा टेबलावर विसरून गेली. डब्यात पत्ते होते. राजा-राणीचे नव्हे, देव्यांचे. देशोदेशीच्या देव्या, प्रत्येकीखाली इंग्रजीत एक ओळ, सोबत छोटी पुस्तिका. मी फोन केला तर म्हणाली, “राहू द्या दाजी, पुढच्या वेळी नेते. तोवर रोज सकाळी एक काढत जा. दिवसाचा संदेश मिळतो. मन हलकं होतं.”

मन हलकं करायला मी पत्ते पाहू लागलो. तेवढ्यात आई मागून आली.

“देवीचे पत्ते? जुगार हाय का?”

“न्हाई माय, संदेश असतो.”

तिने लक्ष्मी उचलली. कमरेत इतकी बारीक की आईने चष्मा वर-खाली करून पाहिलं. “हिच्या हातातून पैसा पडून राह्यला, अन् ही जेवत का न्हाई?” मग काली निघाली. फिकट जांभळी, केस शाम्पूच्या जाहिरातीसारखे, फुलांच्या ताटव्यात उभी. मुंडक्यांची माळ नाही, हातात फक्त एक कमळ. आई बराच वेळ शोधत राहिली. “अरे, हिची जीभ कुठं गेली?”

“नव्या पद्धतीची आहे.”

“कोन्या पद्धतीची बी असू दे. जीभ काढून घेतल्यावर ती बोलंल कशी?”

पण पत्ता तिने नीट, दोन्ही हातांनी खाली ठेवला आणि नकळत कपाळाला हात लावला. तिथेच माझ्या डोक्यात किडा वळवळला. आई या देव्यांना हसते, पण त्यांना पाय लागू देत नाही. मग यांच्याकडूनच ‘हो’ का मिळवू नये?

होस्टेलवर असताना मी पत्ते पिसण्यात नाव कमावलं होतं. हवा तो पत्ता वर ठेवायचा आणि बाकीचे घुसळल्यासारखे दाखवायचे, एवढी एकच विद्या मी पदवीसोबत घेऊन बाहेर पडलो. लक्ष्मीखाली ‘पाऊल पुढे टाक’ अशा अर्थाची ओळ होती. लक्ष्मी वर ठेवली. दुसऱ्या दिवशी आईची आंघोळ झाल्यावर मी म्हणालो, “माय, आपली देवी बोलली न्हाई, तर हिला इचारून बघू. वरचा पत्ता उचल.”

आईने माझ्याकडे पाहिलं, मग पत्त्यांकडे. “वरचा म्हंजे तू ठिवलेला.” आणि स्वयंपाकघराकडे बघत ओरडली, “सूनबाई, सूप आन गं!”

सूप आलं. तिने पसाभर तांदूळ टाकले, त्यावर सगळे पत्ते ओतले, डोळे मिटले आणि पाखडायला लागली. चाळीस वर्षं ज्वारी पाखडलेले हात. पत्ते तांदळासोबत वर उडत होते, परत सुपात येत होते आणि माझी लक्ष्मी कुठल्या कुठे गेली होती. “जी सोताहून बाहेर पडंल ती खरी,” आई डोळे न उघडता म्हणाली.

एक पत्ता उडाला आणि तिच्या पायाशी उताणा पडला.

अंग बाईचं, लाल वस्त्र, आणि मानेवर सिंहिणीचं डोकं. डोक्यावर सूर्याचा गोळा. डोळे थेट बघणाऱ्यावर. बाकीच्या सगळ्या देव्या कुठेतरी ढगात पाहत होत्या, ही माझ्याकडे पाहत होती. इजिप्तची होती. खाली लिहिलं होतं, राग सोडून दे.

“काय म्हनती?”

“म्हणती...” मी घसा खाकरला. “कापून घे, नळ्या मोकळ्या होतील, घाबरू नको, पोरगा सांगंल तसं कर.”

“एवढ्याशा ओळीत?”

“इंग्रजी लई दाट असतं माय.”

बायको आत निघून गेली. आईने पत्ता उचलून देवघरात ठेवला, हळदकुंकू वाहिलं, आणि मग तो प्रश्न विचारला जो पुस्तिकेत कुठेच नव्हता. “तिखटाची का गोडाची?”

आमच्याकडे कुठलीही देवी घरात आली की पहिली चौकशी ही. बोकड मागणारी असते, पुरणावर राजी असणारी असते. चुकीचा नैवेद्य म्हणजे पाहुणीला दारात अपमान करून हाकलणं. मी पुस्तिका उघडली. तिच्याबद्दल लिहिलं होतं: प्रेमळ, धीर देणारी, आतल्या शक्तीची सखी. सखी म्हणजे गोडच खाणार. शिवाय घरात रवा होता.

“गोडाची,” मी ठोकून दिलं.

“तोंडावरून तं वाटत न्हाई,” आई म्हणाली. पण शिरा केला, दाखवला आणि माझ्याकडे वळली. “चल मंग. कधी जायचं?”

मी इतका खूश झालो की दोन वाट्या शिरा खाल्ला. दोन दिवसांनी आईला भरती करायचं ठरलं.

ते दोन दिवस आम्हाला मिळालेच नाहीत. दुसऱ्याच दिवशी दुपारी भाजी निवडता निवडता आईने छातीवर हात ठेवला. चेहरा राखेसारखा. गाडीत तिला मागे आडवं केलं, बायकोने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मी संभाजीनगरची वाट धरली. गाडी कशी चालवली ते आठवत नाही. फक्त मागून येणारा आवाज आठवतो, तुटक, धापेत अडकलेला. “तिला... गोड दिलं तू. पटलं न्हाई तिला.”

मी देव मानणारा माणूस नाही. ऑफिसात यावर जेवणाच्या सुट्टीत वाद घालतो आणि बहुतेक वेळा जिंकतो. पण त्या रस्त्यावर माझे तळवे स्टिअरिंगवरून घसरत होते आणि आरशात मला आईऐवजी ते सिंहिणीचे डोळे दिसत होते.

डॉक्टरांनी दुखणं आटोक्यात आणलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑपरेशन ठरवलं. आत नेताना आईने माझं मनगट धरलं. “तिला काय लागतं ते इचारून घे. तुझ्यावर राह्यलं ते.” भरतीसाठी भरून ठेवलेल्या पिशवीतून पत्ता तिने सोबत आणला होता. तो माझ्या हातात दिला आणि स्ट्रेचर निघालं. दार बंद झालं.

मी मेहुणीला फोन लावला. “ही सिंहाच्या तोंडाची कोण आहे? हिला काय लागतं?”

“दाजी, आत्ता हे?”

“आत्ताच.”

तिने फोनवर शोधून वाचून दाखवलं. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. ही बाई म्हणे एकदा माणसं मारत सुटली होती. मारून रक्त प्यायची, थांबायलाच तयार नाही. शेवटी देवांनी बीअरमध्ये लाल रंग कालवून ती शेतात ओतली. तिला रक्तच वाटलं. ती प्यायली, झिंगली, झोपली. माणसं वाचली.

“अगं, पुस्तिकेत तर सखी लिहिलंय!”

“त्यात असं कसं लिहितील? लोकांना बरं वाटावं म्हणून असतात ते पत्ते.” मग म्हणाली, “पण दाजी, रोगराई आणायची तशी बरंही तीच करायची. तिचे पुजारी वैद्य असायचे.”

मी ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे पाहिलं. आत तिचेच पुजारी हातात सुऱ्या घेऊन उभे होते आणि बाई बाहेर माझ्या खिशात उपाशी होती. तुम्ही हसाल. मीही एरवी हसलो असतो. पण आईची छाती त्या वेळी उघडी होती.

दारूचं दुकान नुकतंच उघडत होतं. एक कॅन घेतला. बायकोच्या पर्समधून कुंकवाची डबी उचलली. ती विचारत राहिली, मी चालत राहिलो. दवाखान्याच्या मागे जनरेटरपाशी कोणी नसतं. तिथे पत्ता भिंतीला टेकवला, पाण्याच्या स्टीलच्या पेल्यात बीअर ओतली, कुंकू टाकलं, बोटाने ढवळलं. कुंकू विरघळेना. मी आणखी टाकलं, दोन्ही तळव्यांत चोळून. हात मनगटापर्यंत लाल झाले, आणि त्याच वेळी मागून आवाज आला.

“भाचेबुवा?”

मामा. आईचा धाकटा भाऊ, गळ्यात तुळशीची माळ, पहाटेच्या एसटीने गावाहून आलेला. त्याला आईनेच अंगाखांद्यावर वाढवलेलं. त्याने कॅन पाहिला, पेला पाहिला, मला पाहिलं.

“माझी बहीण आत टेबलावर हाय,” तो हळू म्हणाला, “अन् तू हितं पिऊन राह्यला?”

“मी पीत नाही मामा! हे बघ!” आणि सिद्ध करण्यासाठी मी आख्खा पेला त्या पत्त्यासमोर जमिनीवर ओतला. त्याने सिद्ध एवढंच झालं की भाच्याचं डोकं फिरलंय.

मग मी सगळं सांगितलं. वाळलेल्या पाकळ्या, सूप, दाट इंग्रजी, शिरा. मामा वाकून पत्त्याकडे पाहत होता.

“कुठली म्हनला?”

“इजिप्तची.”

“लई लांबची हाय.” त्याने चपला काढल्या. बीअरच्या ओघळापासून जरा दूर सरून लांबूनच हात जोडले. “बाई, आमच्या पोराचं चुकलं. त्याला अक्कल कमी हाय. माझ्या बहिनीला सोड.” मग खिशातून इलायची काढून माझ्या तोंडात कोंबली. “चाव. डॉक्टरला वास न्हाई यायला पाहिजे.”

“मामा, मी प्यायलोच नाही!”

“बराबर हाय. चाव.”

वर स्पीकरवर आईचं नाव पुकारलं गेलं. नातेवाइकांनी यावं. आम्ही जिना कसा चढलो माहीत नाही. मामा चपला खालीच विसरला. बायको दाराशी उभी होती, तिचा चेहरा वाचायचा मी प्रयत्न केला आणि वाचता येईना. डॉक्टर बाहेर आले. मास्क गळ्यात, कपाळावर टोपीचा वळ. ते बोलायला लागले आणि मध्येच थांबले. माझ्या हातांकडे बघत होते.

“हे काय? रक्त आहे का?”

“कुंकू,” मी म्हणालो. इलायची घशात अडकली.

त्यांनी नाक किंचित वर केलं, मामाकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. “ऑपरेशन झालं. त्यासाठी थांबवलेलं हृदय परत सुरू झालंय. सध्या ठीक आहे. पण आज आणि उद्या मी काही सांगणार नाही. एकाला काही मिनिटं आत सोडतो. आधी हात धुऊन या.”

बेसिनवर मी हात चोळत होतो. साबण गुलाबी, पाणी गुलाबी, नखांत लाल. कुंकू निघता निघेना. मला वाटत होतं, हे निघेपर्यंत आत काहीतरी होईल. शेजारी मामा नळ धरून उभा होता, गरज नसताना. शेवटी तसाच गेलो, हात मागे लपवून.

आईच्या तोंडात नळी होती. छाती मशीनच्या तालावर वर-खाली होत होती, आणि तो ताल तिचा नव्हता. चष्म्याशिवाय ती कोणीतरी दुसरीच दिसत होती. मला कुठे हात लावावा कळेना, सगळीकडे वायर. पायांवरची चादर सरकली होती. मी पाऊल धरलं. बर्फासारखं गार.

“सिस्टर,” मी कसाबसा म्हणालो, “पाय गार आहेत.”

“असतात. होतील हळूहळू गरम.”

“किती वेळात?”

ती माझ्या लाल बोटांकडे पाहत म्हणाली, “वेळ झाली, बाहेर व्हा आता.” मी दुसरं पाऊलही हातात घेतलं. तिने पुन्हा सांगितलं नाही, दुसऱ्या पलंगाकडे वळली. मी दोन्ही तळवे माझ्या हातांत गच्च धरून उभा राहिलो, ऊब तिची येतेय की माझी, हे ओळखायचा प्रयत्न करत.