मांडीखालचे हात

दवाखान्यात रुग्णांना खेळवायला एक मुलगी येते. त्याचाच तिला पगार मिळतो. खेळताना समोरच्याची पाळी आली की ती स्वतःचे हात मांडीखाली घेऊन बसते, हे मला आज दिसलं.

ह्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलंय. मी रोज तो हात तेलाने चोळते, पण माझ्यासाठी एक बोटसुद्धा हललं नाही. आज तिने पत्ते वाटले आणि म्हणाली, "काय आजोबा, घाबरलात की काय?" ह्यांनी त्याच हाताने कसंबसं पान उचलून टाकलं. वर हसले! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तिला बाहेर गाठून विचारलं, "पत्ते मीही खेळते त्यांच्याशी. मग तुझ्यापुढेच हात कसा उचलला जातो?"

"आजी, तेव्हा त्यांची पानं कोण टाकतं?"

"मीच. त्यांना किती वेळ लागतो!"

ती नुसती हसली. लग्नापासून ह्यांच्या सदऱ्याची बटणंसुद्धा मीच लावत आले. मला माया करायची तेवढीच रीत येते, आणि ही कालची पोर हात बांधून जिंकते.

संध्याकाळी मी पत्ते वाटले आणि हात मांडीखाली दाबून बसले. ह्यांचं पान पडेपर्यंत चहा गार झाला. मग ह्यांनी दाराकडे पाहून विचारलं, "ती नाही आली?"