सी देणाऱ्या सरांचं पत्र

मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या एका गावात ऑस्टगार्ड सरांनी एकोणतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, पण कॉलेजसाठी शिफारसपत्र मागायला एकही पोरगं त्यांच्याकडे फिरकलं नाही. का फिरकावं? सरांच्या तोंडची सगळ्यात मोठी स्तुती म्हणजे ‘चूक नाही’. पोरं मुकाट इंग्रजीच्या पीटरसन बाईंकडे जायची. बाई दरवर्षी चाळीस पत्रं लिहायच्या आणि चाळीसच्या चाळीस मुलं ‘असामान्य’ निघायची. एवढ्याशा गावात! आपल्याला त्याचं काही वाटत नाही, असं सर सांगायचे. वाटायचं, चांगलंच वाटायचं.

त्या सप्टेंबरात इन्ग्रिड सोलबर्ग त्यांच्या दारात येऊन उभी राहिली. पोरीला इंजिनियर व्हायचं होतं. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर कॉलेज, नाहीतर बापाच्या गोठ्यात ऐंशी गाई होत्याच.

‘‘पत्र द्याल का, सर?’’

‘‘तुला मी सी दिलाय. ए नाही, बी नाही.’’

‘‘माहितीये. मलाच मिळालाय ना तो.’’

सरांनी तीन आठवडे घेतले. पहिल्या कागदावर ‘हजेरी चांगली’ एवढंच उतरलं. कसंबसं एकदाचं पत्र झालं. ‘हे पत्र मी वाचणार नाही’ या ओळीखाली पोरं आधीच सही करून देतात, त्यामुळे इन्ग्रिडला काही कळायचा प्रश्न नव्हता. पण शाळेतून पोरांचे अर्ज पाठवणाऱ्या प्रुइट बाईंनी पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि डोक्याला हात लावला. त्यांनी पोरीला बोलावून घेतलं. आत काय आहे ते सांगता येत नाही, पण शुक्रवारपर्यंत पीटरसन बाईंचं पत्र लावता येईल, तेव्हा लाव बाई, असं बजावलं.

इन्ग्रिड तडक सरांकडे गेली.

‘‘सर, सीचं लिहिलंत?’’

‘‘लिहिलं. बरोबर होता तो.’’

सरांना वाटलं, गेली ही. पण खोटं काय लिहायचं?

‘‘मग तुमचंच राहू दे,’’ ती म्हणाली. ‘‘पीटरसन बाईंच्या चाळिसांत मला कोण शोधणार?’’

मार्चमध्ये कॉलेजातून प्रुइट बाईंना फोन आला, पत्रातलं सगळं खरं आहे का म्हणून. बाईंनी आता कुठे ते शेवटपर्यंत वाचलं, आणि तेच घेऊन त्या सरांच्या वर्गात आल्या.

‘मी हिला जानेवारीत सी दिला. तो बरोबर होता. त्यानंतर ही जूनपर्यंत रोज सकाळी सातला येऊन चुकलेलं एकेक गणित पुन्हा सोडवत बसली. यानं गुण बदलणार नाहीत, हे मी तिला सांगितलं होतं. ठाऊक आहे म्हणाली आणि पुढचं गणित घेतलं. एकोणतीस वर्षांत मी अशी दुसरी पाहिली नाही.’

‘‘खरं आहे म्हणून सांगितलं मी,’’ बाई म्हणाल्या. ‘‘शिष्यवृत्तीसकट घेतलं तिला.’’

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

‘‘हे तिला कधी तोंडानं सांगितलंत?’’ बाईंनी विचारलं.

‘‘कसं सांगणार?’’ सर म्हणाले. ‘‘तिनं सही केलीये ना.’’