तीन शहरांची कलादालनं आणि माझ्या खिशातला निळा खडू

माझ्या नातीचा, तन्वीचा, चित्रकलेच्या कॉलेजचा फॉर्म आमच्या खारबावच्या घरी टीव्हीच्या मागे पडून होता. पालकाची सही राहिली होती आणि मुदत महिनाअखेरची. मुलगा म्हणाला, "सही आबांनी करायची. ते नको म्हणाले तर विषय संपला." झाली माझ्या नावावर पावती फाटून! मी सातवी शिकलेला. भिवंडीत उभी हयात लूमचं कापड तपासलं. ताग्यात चूक दिसली की निळ्या खडूने खूण करायची. चित्रातलं मला काय कळतंय? नातीला म्हटलं, "मोठ्या शहरांत लोक चित्रं बघायला जातात ना? मला दाखव, मग सांगतो." वाटलं, गप्प बसेल. तिने दिल्ली-कोलकात्याची तिकिटंच काढली.

पहिली मुंबई. शेजाऱ्याच्या गाडीने गेलो. तुम्ही जाणार असाल तर सोमवार टाळा, बहुतेक कलादालनं बंद असतात. आत पिशवी नेऊ देत नाहीत. माझ्या पिशवीत बीपीच्या गोळ्या!

"कोणी चोरल्या तर?"

"आबा, तुमच्याइतकं टेन्शन असलेला चोर अजून जन्माला यायचाय."

आत गारवा उत्तम, बाक भरपूर. एका भल्या मोठ्या पांढऱ्या कापडावर एकच काळा ठिपका होता आणि लोक मान वाकडी करून बघत होते. आमच्याकडे तो तागा परत आला असता. मी मनात फॉर्मवर फुली मारली.

पुढच्या आठवड्यात कोन गावावरून रिक्षाने कल्याण, तिथून दिल्लीची गाडी. रिक्षावाल्याने दोनदा सांगूनही मी तिसऱ्यांदा विचारलं, गाडी चुकणार नाही ना? आम्ही दीड तास आधी पोचलो. दिल्लीचं कलादालन लांबच लांब. गुडघ्याला पट्टा बांधून जा. बाहेर छोले-कुलचे स्वस्त आणि झकास, पण मी पाण्याची बाटली घरूनच नेली होती.

तिथे एका चित्रात झालर रंगवलेली. एका टोकाला रंग सुटलेला दिसला आणि माझा हात आपोआप खिशात गेला. खडू बाहेर निघाला.

"अरे बाबूजी! हाथ पीछे!" रखवालदार धावत आला.

"मैं छूता नहीं भाई. खाली निशान लगाता."

"निशान?" तो तन्वीकडे वळला. "बेटी, इनको पकड़ के रखो."

तन्वी लाजेने लाल झाली, मग पोट धरून हसली. पुढच्या सगळ्या दालनांत तो आमच्या दहा पावलं मागे होता. परत जाऊ या म्हटलं, पण कोलकात्याचं तिकीट काढलेलं होतं.

कोलकात्याला पोचेपर्यंत गाडीत झोप नाही, सामानाची काळजी. सकाळी लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणि बटाट्याची भाजी खाल्ली, तेव्हा जीव थाऱ्यावर आला. इथलं कलादालन जुनं, छत उंच, पंखे घरघरणारे. मी हात पाठीमागे बांधूनच फिरत होतो.

एका चित्रात दारात बसलेली बाई होती, लाल काठाची साडी नेसलेली. मी जवळ गेलो. गुडघ्यापाशी साडीत एक आडवा धागा तुटलेला, तिथे केसाएवढी फट. माझ्या नजरेतून सुटली नसती अशी चूक. आणि ज्याने रंगवलं त्याच्याही सुटली नव्हती! सरळ कापड रंगवून मोकळा झाला असता, कोणाला कळणार होतं?

"आबा, अर्धा तास झाला."

"थांब गं. या माणसानं कापड बघितलंय."

"आवडलं म्हणजे?"

"न्हाय सांगत. घरी चल."

घरी आल्यावर तिला म्हटलं, तुझं एक चित्र आण. गाडीत मी डुलकी घेत असताना तिने माझंच काढलं होतं. म्हणजे झोप लागली होती तर! चष्मा लावला, कागद खिडकीशी धरला, ताग्यासारखा वरून खाली बघत गेलो. नाक ठीक, मिशी ठीक. सदऱ्यावर चूक सापडली: तिसरं बटण काढलंच नव्हतं. खडू टेकवणार, तेवढ्यात तन्वी हळूच म्हणाली, "आबा, खाली बघा."

अंगात तोच सदरा होता. तिसरं बटण नव्हतं. कधी तुटलं कोण जाणे, मला पत्ताच नाही.

खडू खिशात टाकला. म्हटलं, "पेन आण. आणि सुई-दोरा पण."