घोड्यानं बोलावलं

आमच्या साडूएवढा मोठा कलावंत परभणी जिल्ह्यात झाला नाही, पुढं होणार नाही. हे मी सांगतोय, ज्याचं त्याच्याशी एक दिवस पटलं नाही. मी चौथी नापास, पण ढोल असो का माणूस, एक टिपरू पडलं की मला आवाज कळतो.

साडू बँडमास्तर, क्लॅरनेट वाजवायचा. बाकीचे बँडवाले लग्नात वाजवायला जातात, हा 'दौऱ्यावर' निघायचा. आम्ही पाच माणसं, एसटीच्या टपावर माझा ढोल, आणि खाली खिडकीला साडू. भर उन्हाळ्यात लाल मखमली कोट, सोनेरी झालर, डोळ्याला काळा चष्मा. चष्म्यातून समोरचं धड दिसायचं नाही. "कलाकारानं रस्ता बघायचा नसतो, साडूभाऊ," म्हणायचा, "रस्त्यानं कलाकाराला बघायचं."

व्हिडिओचं खूळ नवं नवं आलं तेव्हा त्यानं परभणीचा एक कॅमेरावाला गाठला आणि आपल्याच मागं लावला. लग्नाचं नाही, दौऱ्याचं शूटिंग! चुडाव्याच्या लग्नात कपडे बदलायला वेगळी खोली मागितली, तर त्यांनी शेळ्यांचा गोठा दिला. साडू तिथून बाहेर येऊन कॅमेऱ्याला सांगायलाय, "इथल्या लोकांना कलेची लय कदर हाय. एकांत दिला." आणि मागं एक शेळी कोटाची झालर चघळायलीय! पिंगळीला तोंड कॅमेऱ्यात यावं म्हणून वरातीपुढं उलटा चालला, तो थेट गुरांच्या हौदात बसला. पण पठ्ठ्यानं सूर सोडला नाही. अर्धा पाण्यात, क्लॅरनेट वर! अशी छाती पाहिजे.

भांडण झालं ते परभणीत कॅसेट बघताना. ढोल दणदणत होता, क्लॅरनेट कुठंच नाही. पुढचं लग्न जिंतूरचं, मोठ्या घरचं. तिथं गाजलो तर सगळा तालुका आपला, असं साडू आठवडाभर घोकत होता.

"जिंतूरला ढोल जरा हळू," साडू म्हणाला.

"हळू पायजे तर डबडं वाजवा. हा ढोल माझ्या बापाचा हाय."

"मग उतरा आमच्या दौऱ्यातून."

"उतरलो!"

उतरलो खरा, पण माझं गाव जिंतूरच्या पलीकडं. म्हणून बस एकच. ते पुढं, मी मागं. जिंतूरच्या स्टँडवर ढोलाला टेकून मी गावाकडच्या गाडीची वाट बघत बसलो.

तिकडं काय झालं ते मी नंतर कॅसेटीत पाहिलं. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला निघाला. साडूनं क्लॅरनेट फुंकलं. घोडा जागचा हलेना. पुन्हा फुंकलं. घोड्यानं शेपूट हलवलं, पाय नाही. मुहूर्त जवळ आलेला, नवरीचा बाप घामाघूम. घोडेवाला म्हणाला, "मास्तर, माझा घोडा ढोलावर शिकलाय. पिपाणीवर न्हाई." क्लॅरनेटला पिपाणी! साडूनं चष्मा काढला आणि चालू लागला.

स्टँडवर माझ्यापुढं येऊन उभा राहिला, धापा टाकत. माफी मागंल तर साडू कसला?

"घोड्यानं बोलावलंय तुमाला."

"घोड्याला सांगा, हळू वाजवायला जमणार न्हाई."

खाली बघत म्हणाला, "घोडा म्हणतो, जोरातच पायजे."

मी उठलो. त्या दिवशी घोडा असा नाचला की नवरदेवानं दोन्ही हातांनी आयाळ धरली, मुहूर्त साधला, आणि क्लॅरनेट कुणालाच ऐकू गेलं नाही.

साडू जाऊन आता लय वर्षं झाली. पोरं अजून ती कॅसेट लावून हसतात. पण मला आठवतं ते त्यात नाही. साडूच्या मागं आलेल्या कॅमेऱ्याची बॅटरी स्टँडच्या फाटकातच संपली होती. क्लॅरनेटाशिवाय जन्मात काही न उचललेल्या माणसानं, मी काही बोलायच्या आत, ढोल पाठीवर घेतला होता. मी मागून चाललो होतो. साडू दिसतच नव्हता. दुपारच्या उन्हात नुसता ढोल, आणि त्याच्याखाली दोन बारीक पाय, पळत चाललेले.