आहेराच्या साडीची पीएचडी

एकीनंही हो म्हटलं नव्हतं.

रिद्धी माझ्या केबिनमध्ये लॅपटॉप उघडून बसली होती आणि स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत 'नाही'ची रांग होती. प्रश्न साधा होता. लग्नात आहेरात आलेली साडी तुम्ही न नेसता पुढे दुसऱ्या लग्नात आहेर म्हणून देता का? आळेफाटा, ओतूर, मंचर, घोडेगाव, सगळीकडच्या बायकांनी ठामपणे सांगितलं होतं की छे, आम्ही नेसतो. या आकड्यांवर विश्वास ठेवला तर जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यात कोणाच्याही कपाटात घडी न मोडलेली साडी नाही. माझ्या एकटीच्या कपाटात तेव्हा नऊ होत्या.

"मॅडम, माझा टॉपिकच संपला," रिद्धी म्हणाली.

अर्जाची मुदत पुढच्या शुक्रवारी होती.

मी अवसरीच्या बाजूच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात मार्केटिंग शिकवते. त्याआधी बरीच वर्षं साबण विकला. आमच्याकडून एमबीए झालेली पोरं बहुतेक बँकेत, नाहीतर ट्रॅक्टरच्या शोरूमला लागतात. पीएचडीचं वेड क्वचित कोणाला लागतं. रिद्धीला लागलं होतं, आणि तेही कन्झ्युमर बिहेवियरमध्ये. म्हणजे गिऱ्हाईक काय घेतं, का घेतं आणि घेतल्यावर त्याचं काय करतं, याचा अभ्यास. तिच्या वडिलांचं, शांतिलालशेठचं, आळेफाट्यावर साड्यांचं दुकान. आजोबा राजस्थानातून आलेले. आता घरात सगळे मराठीत भांडतात. शेठजींचं म्हणणं असं की गिऱ्हाईक तर रोज दुकानात येतं, त्याला भेटायला पीएचडी कशाला?

आदल्या वर्षी तिनं एका मोठ्या संस्थेत अर्ज केला होता. विषय घेतला होता इन्स्टाग्रामवरच्या जाहिराती आणि तरुण पिढी. तिच्या स्टेटमेंट ऑफ पर्पजचं, म्हणजे 'मला पीएचडी का करायची' या निबंधाचं, पहिलं वाक्य होतं : लहानपणापासून मला कन्झ्युमर बिहेवियरची आवड होती. अहो, लहानपणी आवड चिंचाबोरांची असते. इंटरव्ह्यूला पॅनेलनं एवढंच विचारलं की हा विषय कोणीही करेल, तुम्हीच का? ती गप्प बसली आणि घरी आली. शेठजींनी मोठ्या मनानं आणखी एक संधी दिली होती. यंदा नाही झालं, तर नारायणगावला निघणारं नवं दुकान तिनं सांभाळायचं. मुलगी हुशार, हिशेबाला पक्की, शेठजींना दुसरं काय हवं? पण तिला ते दुकान नको होतं. तिला पीएचडी हवी होती, आणि ती मिळावी असं मलाही अगदी मनापासून वाटत होतं.

मग यंदा त्याच संस्थेसाठी आम्ही विषय घेतला आहेराच्या साडीचा. हा विषय मला स्वतःला इतका आवडला की दोन दिवस मी स्टाफरूममध्ये कोणाला बोलू दिलं नाही. पुस्तकं सांगतात, माणूस वस्तू घेतो ती वापरण्यासाठी. आणि इथे एक वस्तू अशी, की घेणारी ती नेसणार नाही, जिला द्यायची तीही नेसणार नाही, आणि हे दोघींना आधीपासून ठाऊक असतं. तरी लग्नाचा बस्ता बांधताना अशा साड्यांचे गठ्ठे जातात. आपण ज्याला रिसर्च गॅप म्हणतो, म्हणजे आजवर कोणी न खोदलेली जागा, ती ही. आणि 'तुम्हीच का'चं उत्तर तिच्या दुकानाच्या पाटीवरच लिहिलेलं होतं.

पण आता तिच्या पायलट सर्व्हेनं, म्हणजे आधी करायच्या छोट्या चाचणीनं, विषयाचाच गळा घोटला होता.

"विचारायला कोण गेलं होतं?" मी विचारलं.

"मीच. तुम्हीच म्हणालात ना, ओळखीनं जा."

आता हे खरं. आपल्याकडे ओळखीशिवाय साधा दाखला निघत नाही, मग बायका मनातलं कशा सांगतील, असं मी वर्गात दरवर्षी सांगते. ती ओळखीनं गेली. कोणाची ओळख? दुकानाची. सर्व्हेचे फॉर्म कशात नेले, तर दुकानाच्याच पिशवीत, ज्यावर दुकानाचं नाव आणि नथ घातलेली बाई छापलेली आहे. शांतिलालशेठची पोरगी दारात उभी राहून विचारते, आमची साडी तुम्ही नेसता का? कोणती बाई नाही म्हणेल? ओतूरला एकीनं तिला बसवलं, चहा दिला आणि आत जाऊन दुकानाची साडी नेसूनच बाहेर आली. रिद्धीनं तिचा फोटोही काढला होता.

मी डोक्याला हात लावला. याला आमच्या धंद्यात सोशल डिझायरेबिलिटी बायस म्हणतात. समोरच्याला बरं वाटेल, आपण बरे दिसू, असं उत्तर माणूस देतो. परीक्षेत पाच मार्कांना येतो हा प्रश्न आणि रिद्धीला त्यात पाच मार्क होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही आहुप्याच्या बाजूला, डोंगरातल्या एका वाडीवर गेलो. पिशवी साधी. विचारणार मी, रिद्धी फक्त लिहून घेणार. प्रश्न बदलला. तुम्ही देता का, हे विचारायचंच नाही. तुमच्या ओळखीत कोणी देतं का, एवढंच. ओट्यावर नाचणी निवडत एक आजी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमी न्हाई बाई तसलं करत. पर ती खालच्या आळीची हाय ना, लई! मीच दिल्याली साडी मला तिच्या पोराच्या लग्नात परत आली व्हती." आम्ही खालच्या आळीला गेलो. तिथल्या बाईनं वरच्या आजीबद्दल तेच सांगितलं आणि वर साडीचा रंगही सांगितला. दिवस मावळेपर्यंत चित्र स्पष्ट झालं. सगळ्या वाडीत एकही बाई साडी पुढे देत नव्हती आणि साड्या मात्र घरोघर फिरत होत्या.

परतीच्या रस्त्याला रिद्धी खूष होती. मी नव्हते. साबण विकताना एक गोष्ट शिकले होते, की ऐकीव माहितीवर वरचा साहेब माल पाठवत नाही. पॅनेल म्हणणार, या तर शेजारणीच्या चुगल्या झाल्या. साडी खरोखर फिरते याचा माग कोणाकडे आहे का? मी हे बोलले आणि रिद्धी एकदम गप्प झाली. घोडेगाव आलं तरी गप्प. बडबडं गिऱ्हाईक गप्प झालं की समजावं, माल घरात आहे.

शेवटी तिनं सांगितलं. दुकानाच्या मागच्या बाजूला एक छोटा काउंटर आहे. दुपारी रस्ता सामसूम झाला की बायका तिथे येतात. आहेरातली साडी देतात, बदल्यात परकर, ब्लाउजपीस, सुनेला गाऊन असं काही नेतात. ती साडी परत आहेराच्या मांडणीत जाते. घडी घालण्याची शेठजींची एक खास पद्धत आहे, त्यामुळे आपली साडी कितव्यांदा आली हे ते हात लावताच सांगतात.

"पण ते पप्पांचं आहे, मॅडम. मी नाही लिहू शकत."

मग दुसऱ्या दिवशी मी दुपारीच गेले आळेफाट्याला. शेठजींनी ताक मागवलं, माझं सगळं शांतपणे ऐकलं आणि नाही म्हणाले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दुकान गेलं तर दुसरं काढता येईल, पण हे बाहेर फुटलं तर दोन तालुक्यांतल्या जावा-नणंदा एकमेकींची तोंडं बघणार नाहीत. मी त्यांना नावं गुप्त ठेवतात, गाव बदलतात, सगळं समजावलं. त्यांनी विचारलं, पॅनेलवर कोण असतं? म्हटलं, बाहेरचे प्रोफेसर. त्यांच्यात कोणी आपल्या भागातलं? नाही. "आणि कोणाची सासुरवाडी?" आता एवढ्या मोठ्या प्रोफेसरांची सासुरवाडी मला काय ठाऊक!

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि आमच्या प्राचार्यांच्या पत्नी आत आल्या. हातात पिशवी, वर कोथिंबिरीची जुडी, खाली साडीचा काठ. मला पाहून त्या थिजल्याच. शेठजी पंख्याकडे बघू लागले.

"ब्लाउजपीस मॅच करायला आले होते," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, अगदी बरं केलंत, इथे छान मिळतात. ऊन फार आहे, एवढं बोलून त्या पिशवीसकट परत गेल्या. मी ताक संपवलं. काही विचारलं नाही, हसलेही नाही, आणि हे सोपं नव्हतं, सांगते. जरा वेळानं शेठजींनीच विचारलं.

"मॅडम, आत्ता तुम्ही काय पाहिलंत?"

"ब्लाउजपीस."

शेठजींनी गल्ल्यावर बोटं वाजवली. मग म्हणाले, "लिहू दे तिला. पण गाव नाही, नाव नाही, दुकान नाही. आणि तुमच्या साहेबांची मिसेस तर नाहीच नाही."

रिद्धीनं प्रपोजल नव्यानं लिहिलं. निबंधातलं लहानपण काढून टाकलं. गुरुवारी रात्री अर्ज गेला, मी शिफारसपत्र जोडलं, आणि नंतरचे दोन महिने तिच्यापेक्षा मलाच झोप नव्हती.

इंटरव्ह्यूचं तिनं बाहेर पडल्या पडल्या फोनवर सांगितलं. पॅनेलनं पाऊण वेळ मागच्या काउंटरवरच घालवला. एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, हे दुकान नेमकं कुठे आहे? आदल्या वर्षी ही मुलगी याच खोलीत गप्प बसली होती. यंदा तिनं उत्तर दिलं. सर, ते मी सांगितलं तर उद्यापासून तिथे कोणी येणार नाही, आणि मग माझ्याकडे सांगायलाही काही उरणार नाही. सरांनी मान डोलावून काहीतरी लिहिलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये पॅनेलमधल्या एक मॅडम तिच्या मागून आल्या आणि हळूच विचारलं, पैठणीसुद्धा घेतात का?

रिद्धीचं झालं. स्टायपेंडसकट झालं. मेल आला तेव्हा मी वर्गात होते. पोरांसमोर रडू आलं आणि मी फळ्याकडे तोंड करून 'प्रॉडक्ट लाइफ सायकल' असं दोनदा लिहिलं.

त्या रविवारी शेठजी सहकुटुंब घरी आले. पेढे आणले. रिद्धीच्या आईनं मला कुंकू लावलं आणि हातात साडी ठेवली. पोपटी, काठ राणी रंगाचा, मधून मधून जरीचे मोर. अशी साडी मी माझ्या शत्रूच्या हळदीलासुद्धा नेसले नसते.

शेठजी माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. गिऱ्हाईकाचे चेहरे वाचण्यात त्यांचा जन्म गेलाय.

"रंग नाही आवडला तर सांगा, मॅडम," ते म्हणाले. "दुपारच्याला या."

"छे हो, शेठजी," मी म्हटलं. "फारच सुंदर आहे. मी नेसणार."

बोलून झालं आणि कोपऱ्यात बसलेल्या रिद्धीनं मान खाली घालून तोंडाला रुमाल लावला. सर्व्हेत एकूणएक बायकांनी दिलं होतं ते उत्तर, त्याच सुरात. बायस शिकवायला मला इतकी वर्षं लागली, आणि तो करायला क्षणही लागला नाही.

साडी कपाटात आहे, घडी मोडलेली नाही. पुढच्या महिन्यात माझ्या जावेच्या मुलीचं लग्न आहे.